पावलॉव्ह यांचे कुत्रे आणि दवाखान्याचा वास

इव्हान पावलॉव्ह यांची शाळेत होणारी ओळख एका ओळीची असते: घंटा वाजली आणि कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटले. त्यामुळे अनेकांना ते मानसशास्त्रज्ञ वाटतात. प्रत्यक्षात ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मूळ विषय होता पचन.

त्यांचा जन्म १८४९ साली रशियातील रियाझान या गावी झाला. वडील धर्मगुरू होते. लहानपणी उंचावरून पडून मोठी दुखापत झाल्याने शाळा उशिरा, अकराव्या वर्षी सुरू झाली. पुढे धर्मशिक्षण सुरू असतानाच सेचेनोव्ह यांचे मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरील पुस्तक वाचनात आले आणि १८७० मध्ये त्यांनी विज्ञान शिकण्यासाठी सेंट पीटर्सबर्ग गाठले. लग्नानंतरची बरीच वर्षे ओढाताणीत गेली. चाळिशी उलटताना प्राध्यापकपद मिळाले आणि लगेचच स्वतःची प्रयोगशाळाही.

शस्त्रक्रियेत त्यांचा हात विलक्षण कुशल होता. कुत्र्याच्या जठराचा किंवा लाळग्रंथीचा स्राव बाहेर गोळा करता यावा अशी शस्त्रक्रिया करूनही तो प्राणी दीर्घकाळ निरोगी ठेवणे त्यांना जमले. कुत्र्यांचा जठररस अपचनावरील औषध म्हणून विकून प्रयोगशाळेला उत्पन्नही मिळत असे! पचनावरील या कामासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन.

लाळ आधीच का सुटते?

लाळेचे थेंब मोजताना एक अडचण वारंवार येत होती. अन्न तोंडात पडण्याआधीच, नुसते भांडे दिसल्यावर किंवा खाणे देणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज आल्यावर लाळ सुटायची. दुसऱ्या कुणी ती मोजमापातली चूक समजून बाजूला ठेवली असती. पावलॉव्ह यांनी उरलेले आयुष्य तिच्यासाठी दिले.

त्यांनी मेट्रोनोमची टिकटिक ऐकवून लगेच अन्न द्यायला सुरुवात केली. टिकटिकीला कुत्र्याच्या लेखी काहीच अर्थ नव्हता. काही वेळा ही जोडी जुळल्यावर नुसत्या टिकटिकीने लाळ येऊ लागली. मग अन्न बंद केले. प्रत्येक वेळी लाळ कमी होत गेली आणि शेवटी थांबली. संबंध पुसला गेला, असे वाटले. पण काही तास विश्रांती दिल्यावर तीच टिकटिक ऐकून पुन्हा लाळ सुटली. म्हणजे जुने शिकलेले नष्ट झालेले नव्हते, त्यावर नव्या शिकण्याचा थर बसला होता. माझ्या मते रुग्णांच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत उपयोगी शोध हाच.

त्यांच्या सहकारी येरोफेयेवा यांनी त्वचेला दिलेला विजेचा सौम्य झटका अन्नाची खूण बनवला. झटका हळूहळू वाढवला तरी कुत्रा कळवळण्याऐवजी अन्नाकडे वळून लाळ गाळू लागला. झटक्याची जागा बदलत नेल्यावर मात्र एका टप्प्यावर सारे कोसळले आणि कुत्रा बिथरला. असे प्रयोग आज नैतिकतेच्या कसोटीवर सहज मंजूर होणार नाहीत, हेही सांगायला हवे.

रुग्णांच्या बाबतीत

केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना सलाईन लावण्याआधीच, वॉर्डाचा किंवा स्पिरिटचा वास आला की मळमळते. लाल रंगाचे औषध घेतलेल्या काहींना नंतर लाल सरबतही नकोसे होते. घरचे म्हणतात, मनावर घेऊ नकोस. रुग्णाला ते आपण नाटक करतोय असे म्हटल्यासारखे लागते. ही मळमळ खरी असते. शरीराने वास आणि उलटी यांची जोडी शिकलेली असते, इच्छाशक्तीशी तिचा संबंध नाही. पहिल्या सायकलपासूनच उलटी चांगली आटोक्यात ठेवली तर ही जोडी जुळण्याची शक्यता कमी होते. म्हणून मागच्या वेळी किती त्रास झाला, हे डॉक्टरांना न संकोचता सांगा. केमोच्या दिवशी रुग्णाच्या आवडीचा खास पदार्थ शक्यतो करू नका. तोच नंतर नकोसा होऊ शकतो.

घरी नॉर्मल असलेला रक्तदाब दवाखान्यात काहींचा वाढतो, त्यातही अशा शिकण्याचा वाटा असू शकतो. घरच्या नोंदी सोबत आणा. इंजेक्शनच्या किंवा एमआरआयच्या तीव्र भीतीसाठी तज्ज्ञ टप्प्याटप्प्याने, सुरक्षित वातावरणात त्याच गोष्टीला सामोरे जायला शिकवतात. काही महिन्यांनी भीतीने पुन्हा डोके वर काढले तर उपचार वाया गेले असे नाही. पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांचेही तसेच झाले होते. फेरसराव करावा लागतो.

पूर आणि त्यानंतर

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरले, आणि दारे खालच्या बाजूला असल्याने कुत्र्यांना पाण्याखाली ढकलून बाहेर ओढावे लागले. कुत्रे वाचले, पण काहींचे आधी शिकलेले प्रतिसाद नाहीसे झाले. आठवडे गेले, एक कुत्रा सावरला. मग प्रयोगाच्या खोलीत दाराखालून मुद्दाम थोडेसे पाणी सोडले गेले. तेवढ्यानेच तो अस्वस्थ झाला आणि जुळून आलेले प्रतिसाद पुन्हा विस्कटले. घोट्याएवढेही नसलेले पाणी त्याच्यासाठी आता पूर होते.

सोव्हिएत सरकारवर पावलॉव्ह उघड टीका करत आणि तरीही सरकार त्यांची प्रयोगशाळा जपत राहिले. ऐंशीच्या घरात ते मनोरुग्णालयात जाऊन रुग्णांचे निरीक्षण करू लागले. १९३५ मध्ये त्यांच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.