खडक वाचणारा मिशनरी : स्टीफन हिस्लॉप



खाडीकाठी खड्डा खणला की वाळू, गाळ, शिंपले असे थर दिसतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. हे साधे सूत्र १६६९ साली डेन्मार्कच्या निल्स स्टेन्सन यांनी मांडले. पुढे ते कॅथलिक बिशप झाले आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. हेच सूत्र धरून आपल्या महाराष्ट्रातले दगड वाचणाऱ्या एका मिशनऱ्याची आज ओळख करून घेऊ या.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. ते कॅथलिक नव्हते. तिथल्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून १८४५ साली ते नागपूरला आले. मराठी शिकले, शिकवू लागले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर फिरताना नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना दगडात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, बिया आणि फळे सापडली. दख्खनचा काळा कातळ म्हणजे एकावर एक पसरलेला लाव्हा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तिथे तळी होती, त्यांतले हे जीव. आज त्यांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे मानतात.

मांगली गावच्या दगडातली एका प्राचीन उभयचराची कवटी त्यांनी लंडनला पाठवली. १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नागपूरच्या भूरचनेवर हिस्लॉप व हंटर यांचा लेखही लंडनमध्ये छापून आला.

याचे महत्त्व काय? पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची, असे तेव्हा युरोपात पुष्कळ जण मानत. पाऊस, नद्या, ज्वालामुखी यांनी अतिशय सावकाश जमीन घडवली, हे चार्ल्स लायेल यांनी दाखवले. त्यांचा ग्रंथ घेऊन तरुण डार्विन १८३१ साली सफरीला निघाले. जीव हळूहळू बदलायला जो अफाट काळ हवा, तो त्यांना भूशास्त्राने दिला. १८५९ साली त्यांचा ग्रंथ आला. प्रत्येक थरात वेगळे जीव, ही साक्ष मात्र हिस्लॉप यांच्यासारख्या अनेकांनी गावोगाव हिंडून गोळा केली होती.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना, रात्री पुराच्या पाण्यात ते बुडाले. वय अवघे ४५. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ साली त्यांच्या नावाने सुरू झाले.

शाळेत उत्क्रांतीचा धडा आला की आपली मुले घरी विचारतात, मग उत्पत्तीच्या पुस्तकाचे काय? आपण गप्प बसतो किंवा रागावतो. उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ सालीच मान्य केले. हिस्लॉप यांनी दगड फोडले आणि अखेरपर्यंत मिशनरीही राहिले. मुलांच्या प्रश्नाला आपण घाबरू नये. त्यांच्याबरोबर एकदा खाडीकाठचे थर पाहायला जावे.