नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी

मुलांनो, दहावीचा निकाल लागला की तुमच्याही घरी चर्चा सुरू होईल. अकरावीला विज्ञान घ्यावे का? डॉक्टर होण्याची खटपट करावी का? तुम्ही पुसदचे असा की दिग्रसचे, तुमच्या जिल्ह्याच्या गावी, यवतमाळला, १९८९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण मुंबईतच असे महाविद्यालय नवे होते, तेव्हा हाच प्रश्न एका तरुणापुढे उभा राहिला होता. त्याचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. लोक त्यांना भाऊ दाजी म्हणत.

भाऊंचा जन्म १८२२ साली गोव्यातील मांद्रे गावी झाला. घरची गरिबी होती. वडील मुंबईला आले. लहानपणी भाऊ बुद्धिबळ फार छान खेळत. त्यांचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना सुचवले, की या मुलाला इंग्रजी शिकवा. पुढे भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. बालहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी निबंध लिहिला व बक्षीस मिळवले. त्याच संस्थेत त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली.

आता तुम्हीच विचार करा. गरिबाच्या मुलाला पगाराची, मानाची नोकरी लागली. मग आणखी काय हवे? पण १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे शिकायचे म्हणजे प्रेत कापून शरीराची रचना पाहावी लागे. प्रेताला हात लावला तर विटाळ होतो, असे त्या काळी अनेक लोक मानत. शिवाय आजारी माणूस वैद्याकडे किंवा हकिमाकडे जाई. या नव्या डॉक्टरांकडे कोण येणार, हे कोणालाच सांगता येत नव्हते. वडीलधाऱ्यांपैकी कोणी हा अभ्यास केलेला नव्हता, म्हणून सल्ला तरी कोणाचा घ्यायचा? तरीही भाऊंनी शिक्षकाची खुर्ची सोडली आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी ते पुन्हा बाकावर बसले.

ते पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झाले. १८५१ साली त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे धाकटे भाऊ नारायण हेही डॉक्टर झाले. गरिबांना ते मोफत औषध देत. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांतील औषधे ते तपासून पाहत. कुष्ठरोग्यांवर त्यांनी एका देशी औषधाचे प्रयोग केले. मात्र हे औषध त्यांनी गुप्त ठेवले, ही गोष्ट मला बरी वाटत नाही.

डॉक्टर झाले म्हणून भाऊंनी बाकीचा अभ्यास सोडला नाही. अजिंठ्याला जाऊन तेथील शिलालेख त्यांनी वाचले. मुलींच्या शाळांसाठी ते झटले. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले.

तुम्ही कापसाच्या जिल्ह्यात राहता, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्याकडील कापसाचा भाव खूप चढला आणि मुंबईत शेअरबाजाराचे वेड पसरले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि पुष्कळ लोक बुडाले. त्यात भाऊंचाही पैसा गेला. हाती वैद्यकी मात्र राहिली. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला व ३१ मे १८७४ रोजी ते वारले.

मुंबईला गेलात तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. तेथील वस्तुसंग्रहालय उभारण्यासाठी भाऊंनी खूप कष्ट घेतले होते. ते १८७२ साली खुले झाले. तेव्हा त्याला इंग्लंडच्या राणीचे व तिच्या पतीचे नाव होते. १९७५ पासून त्याच्या दारावर डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे.