गरिबांच्या लेंकरांचे गुरु : संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल

ज्या धर्मग्रामांत देवळाच्या सावलींत शाळा उभी राहिली आहे, तेथील वाचकांस संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांचें चरित्र परकें वाटूं नये, अशी आमची समजूत आहे. मुलांना वर्गवार बसवून सर्वांस एकच धडा देणें, वाचन प्रथम स्वभाषेंत शिकविणें, शिक्षकाची आधीं तयारी करून घेणें, या गोष्टी आज आपणांस अगदीं स्वाभाविक वाटतात. परंतु त्या गरिबांच्या शाळांत रूढ व्हाव्यात म्हणून या फ्रेंच धर्मगुरूनें आपली दौलत, मान आणि स्वास्थ्य हीं सर्व खर्चीं घातलीं.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजीं फ्रान्समधील रँस शहरीं झाला. वडील न्यायाधीश, घर सुखवस्तु. पंधराव्या वर्षींच त्यांस तेथील महामंदिरांत कॅननचें मानाचें व उत्पन्नाचें पद लाभलें. १६७१ सालीं माता व १६७२ सालीं पिता निवर्तल्यानें धाकट्या भावंडांचा भार त्यांच्यावर पडला. तो संभाळून त्यांनीं अभ्यास पुरा केला. १६७८ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि १६८० सालीं ते धर्मशास्त्राचे डॉक्टर झाले.

शाळा काढण्याचा त्यांचा मुळींच मानस नव्हता. १६७९ सालीं आद्रियँ न्येल नांवाचे एक गृहस्थ गरीब मुलांच्या शाळेसाठीं रँस येथें आले, त्यांस केवळ साह्य करावें म्हणून ते पुढें झाले. तेथील शिक्षक अर्धशिक्षित, अर्धपोटी व गांवढळ होते. त्या काळीं शिक्षकाची पायरी त्यांच्या दृष्टीनें घरच्या चाकराच्याहि खालची होती. तरी एक पाऊल टाकलें कीं दुसरें टाकावें लागे. १६८१ सालीं त्यांनीं या शिक्षकांस आपल्याच घरीं राहावयास आणलें. नातलग संतापले, परंतु त्यांनीं माघार घेतली नाहीं.

पुढें एक कठीण प्रसंग आला. उद्यांच्या भाकरीची चिंता करणाऱ्या शिक्षकांस ते देवाच्या दयेवर भरंवसा ठेवण्याचा उपदेश करूं लागले, तेव्हां शिक्षकांनीं त्यांस त्यांचेंच उत्पन्न व त्यांचेंच पद दाखविलें. हा बोल त्यांच्या जिव्हारीं लागला. १६८३ सालीं त्यांनीं कॅननपद सोडलें, आणि तेंहि आपल्या भावास न देतां एका गरीब धर्मगुरूस दिलें. १६८४-८५ च्या दुष्काळांत उरलेली मालमत्ता भुकेल्यांस अन्न देण्यांत संपविली. त्या पैशानें शाळांसाठीं कायमचा निधि करतां आला असता. पण शिक्षक ज्या दारिद्र्यांत होते त्यांत स्वतः उतरल्यावांचून त्यांचें पुढारीपण करितां येत नाहीं, हें त्यांस उमगलें होतें.

आतां त्यांची शिक्षणपद्धति पाहूं. त्या काळच्या शाळांत गुरुजी एकेका मुलास जवळ बोलावून धडा देत आणि बाकीचीं मुलें तोंपर्यंत रिकामीं बसत. वाचनाचा आरंभ लॅटिनपासून होई. दे ला साल यांनीं मुलांचे वर्ग पाडले व संपूर्ण वर्गास एकदम शिकविण्याचा प्रघात घातला. वाचन फ्रेंचमधून सुरू केलें. शार्त्रच्या बिशपांनीं लॅटिनचा आग्रह धरला, तेव्हां त्यांनीं लेखी कारणें दिलीं. गरिबांचीं मुलें थोड्याच वर्षांत कामधंद्यास लागतात. जी भाषा समजत नाहीं ती वाचतां येण्यापूर्वींच त्यांची शाळा सुटते. मग स्वभाषेंतील प्रार्थना व प्रश्नोत्तरीहि त्यांस वाचतां येत नाहीं. शिक्षा त्यांनीं सर्वस्वी बंद केली नाहीं, पण तिला कडक मर्यादा घातल्या. मूल गैरहजर कां राहतें याचा शोध घेण्यास शिक्षकांस लाविलें. न्याहारीच्या वेळीं ज्याच्यापाशीं भाकरी आहे त्यानें नसलेल्यास द्यावी, हाहि शाळेचा एक धडाच होता. खेड्यांतील शिक्षकांसाठीं त्यांनीं अध्यापनवर्ग काढला, तर पॅरिस येथें १६९९ सालीं कामकरी तरुणांसाठीं रविवारची शाळा सुरू केली.

हें सर्व सुखासुखीं झालें नाहीं. मोफत शाळांमुळें आपला धंदा बुडतो म्हणून पॅरिसच्या लेखनशिक्षकांच्या संघानें त्यांजवर खटले भरले. १७०४ सालीं शाळेचें सामान जप्त होऊन त्यांस दंडहि झाला. सहकारी गळूं लागले, तेव्हां १६९१ सालींच त्यांनीं दोघां बंधूंसह कार्य न सोडण्याची शपथ वाहिली होती. १७१२ सालीं दुसऱ्या एका खटल्यांत बदनामी पदरीं आली, तेव्हां मात्र ते खचले व दक्षिण फ्रान्सांत निघून गेले. आपल्यामुळेंच कार्याची हानि होते, असें त्यांस वाटूं लागलें होतें. १७१४ सालीं पॅरिसच्या बंधूंनीं आज्ञापालनाच्या व्रताची आठवण देऊन त्यांस परत येण्याची आज्ञा केली. संस्थापकानें शिष्यांची आज्ञा शिरसावंद्य मानली आणि ते परतले. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील हा सर्वांत थोर प्रसंग होय.

१७१७ सालीं त्यांनीं अधिकार दुसऱ्याच्या हातीं दिला, आणि ७ एप्रिल १७१९ रोजीं, उत्तम शुक्रवारीं, रुआँ येथें देह ठेवला. १७२५ सालीं पोपनीं त्यांच्या संघास मान्यता दिली. फ्रेंच राज्यक्रांतींत, १७९२ सालीं, तो मोडला गेला; पण पुन्हां उभा राहिला आणि १८५२ सालीं सिंगापूर व पेनांगपर्यंत पोहोंचला. १९०० सालीं तेराव्या लिओ पोपनीं दे ला साल यांस संतपद दिलें, आणि १९५० सालीं बाराव्या पायस पोपनीं त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत ठरविलें. २१ व्या शतकांत त्यांच्या परंपरेंतील शाळा सुमारें ८० देशांत चालू आहेत, आणि तेथील बहुतेक शिक्षक संसारी स्त्रीपुरुष आहेत.

वाचकहो, ज्युबिलीच्या वर्षीं आपण इमारतीची रंगसफेदी करितों, जुन्या हितकर्त्यांचीं नांवें वाचतों. तें योग्यच आहे. परंतु दे ला साल यांस इमारतीपेक्षां शिक्षकाची काळजी अधिक होती. आपल्या लेंकरांस शिकविणाऱ्याच्या ताटांत काय आहे, वर्गांतील शेवटच्या बांकावरच्या मुलास धडा समजतो कीं नाहीं, आणि जें मूल शाळेंत येईनासें झालें त्याच्या घरीं कोणी गेलें कीं नाहीं, हे तीन प्रश्न धर्मग्रामानें दरवर्षीं स्वतःस विचारावेत. त्यांचीं उत्तरें खरीं देतां आलीं, तरच आपली ज्युबिली सार्थ झाली असें आम्ही समजूं.