हिम पाडणारे अर्व्हिंग लँगम्युअर

महाराष्ट्रात २००३ साली आणि पुढे २०१५ साली कृत्रिम पावसासाठी विमाने उडाली, तेव्हा आपल्याही घरांत त्याची चर्चा झाली. पाऊस पाडता येतो की नाही यावर आपण हिरिरीने वाद घातला. पाडणे थांबवायचे केव्हा, हे मात्र कोणी विचारले नाही. दुष्काळात विचारणार तरी कोण? हा प्रश्न ज्यांच्या कामातून प्रथम उभा राहिला, त्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म ३१ जानेवारी १८८१ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. कोलंबिया विद्यापीठात शिक्षण, जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे डॉक्टरेट, थोडा काळ अध्यापन आणि १९०९ पासून जनरल इलेक्ट्रिक कंपनीची स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळा. विजेच्या दिव्यात निष्क्रिय वायू भरला तर टंगस्टनची तार लवकर झिजत नाही, हे त्यांनी दाखवले. आपल्या देवघरात वर्षानुवर्षे जळलेला पिवळा बल्ब त्याच वंशातला. १९३२ साली पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

डोंगरांची त्यांना मनापासून ओढ होती. दुसऱ्या महायुद्धात विमानांवर बर्फ का साचतो याचा अभ्यास करताना त्यांचा आणि त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांचा संबंध माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावरील ढगांशी आला. शून्य अंशाच्या बरेच खाली गेले तरी ढगातले थेंब पाणीच राहतात, हे तिथे ठळकपणे दिसले. जुलै १९४६ मध्ये शेफर यांनी थंड पेटीतल्या धुक्यात कोरडा बर्फ टाकला आणि क्षणात हिमकण चमकू लागले. १३ नोव्हेंबरला हाच प्रयोग विमानातून खऱ्या ढगावर झाला. ढगातून हिम खाली येताना लँगम्युअर जमिनीवरून पाहत होते. त्याच सुमारास बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग शोधला. आजही हिवाळी बीजारोपणात मुख्यतः तेच वापरतात.

डिसेंबरात पुन्हा ढगांवर प्रयोग झाला आणि त्याच दिवशी जोरदार हिमवृष्टी झाली. लँगम्युअर आनंदले, कंपनीचे वकील मात्र धास्तावले. रस्ते अडले, कोणाचे नुकसान झाले, तर भरपाई कोण देणार? १९४७ च्या आरंभी प्रयोगांची उड्डाणे लष्कराकडे गेली. थांबण्याचा पहिला विचार वकिलांना सुचला, शास्त्रज्ञांना नव्हे, हे आम्हाला फार बोलके वाटते.

ऑक्टोबर १९४७ मध्ये अटलांटिकवरील एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकला गेला. वादळ वळले आणि जॉर्जियातील सव्हाना शहराजवळ धडकले. हे वळण आपल्या प्रयोगामुळेच, असे लँगम्युअर मानत. हवामानतज्ज्ञांना ते पटले नाही, आणि वादळाचा मार्ग आधीच बदलू लागला होता असे पुढे दिसून आले. थोर माणूस, पण हवामानाच्या श्रेयाबाबत जरा उतावळाच. ज्याचे श्रेय घ्यायचे त्याचे दायित्वही अंगावर येते, हे त्यांनी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. १६ ऑगस्ट १९५७ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांचे निधन झाले.

त्याआधी सुमारे वीस महिने, डिसेंबर १९५५ मध्ये, कॅलिफोर्नियातील युबा सिटी पुरात बुडाली होती. वरच्या डोंगरांत हिवाळी बीजारोपण चालत असे, म्हणून पूरग्रस्त न्यायालयात गेले. पूर बीजारोपणाने आला हे तिथे मान्य झाले नाही. तरी अमेरिकेच्या पश्चिम डोंगरांत बीजारोपण स्थगित करण्याचे नियम हळूहळू बांधले गेले.

डोंगरावर साचलेल्या हिमात पाणी किती, हे वजनावरून सतत मोजतात. युटा राज्यात ते १ जानेवारीला सरासरीच्या सुमारे दुप्पट, तर १ एप्रिलला दीडपट झाले की काम थांबवायचे, असा दंडक वापरला गेला आहे. वसंत जवळ येतो तशी मर्यादा आवळते, कारण वितळायला दिवस थोडे उरतात. हिमकडे कोसळण्याचा इशारा, साचलेल्या हिमावर ऊबदार पाऊस पडण्याचा अंदाज, तुडुंब धरणे, वणव्याने उघडे पडलेले उतार, ही आणखी कारणे. आणि बर्नर विझवला तरी आधी सोडलेला धूर ढगात जाऊन हिम व्हायला वेळ लागतो, म्हणून निर्णय वादळ डोक्यावर येण्यापूर्वीच घ्यावा लागतो.