कै. केरूनाना छत्रे

खडकीहून होळकर पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर डेक्कन कॉलेजची दगडी इमारत लागते. आपल्या खडकीकर कुटुंबांस ती वास्तू नित्याच्या परिचयाची आहे. तेथेच कै. केरो लक्ष्मण तथा केरूनाना छत्रे हे गणित शिकवीत असत. लोकमान्य टिळक हे त्यांचे शिष्य होत. ज्ञातीतील विद्यार्थ्यांसाठी यंदा त्यांचेच चरित्र आम्ही निवडले आहे.

तरुण वयातच केरूनाना मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम करू लागले. गणिताचे उत्तर आकाशाशी ताडून पाहावे, हा संस्कार तेथला.

त्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे बहुधा ‘ग्रहलाघव’ या १५२० सालच्या ग्रंथावरून होत. त्याचे कर्ते गणेश दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. त्यांनी ज्याचापांचे अवघड गणित टाळून सोप्या रीती दिल्या. पुढील पिढ्यांनी रीती मुखोद्गत केल्या, पण त्यांमागील कारण विचारणे सोडले. मूळ मानांतील सूक्ष्म अंतर वर्षानुवर्षे साठत गेले आणि तीन शतकांनी ग्रहांची गणिताने आलेली स्थाने व आकाशातील स्थाने जुळेनाशी झाली. केवळ पाठ करणारास ही चूक सापडत नाही. कारण त्याचा गुणाकार व भागाकार अचूकच असतो!

केरूनानांस रीतीचे मूळ ठाऊक होते, म्हणून ती कोठे सुधारावी हेही कळले. पाश्चात्त्य ज्योतिषाच्या आधारे त्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. मात्र पंचांग बदलले की सणांच्या तिथींसही धक्का लागतो; त्यामुळे ते मानणारे थोडेच निघाले. १८८४ साली केरूनाना निवर्तले. पंचांगशोधनाचे ते कार्य पुढे त्यांच्या शिष्याने, लोकमान्यांनी, हाती घेतले.

पाठांतर निरुपयोगी, असे आमचे म्हणणे नाही. पाढे पाठ हवेतच. केरूनानांची कोष्टकेही कोणी डोळे मिटून वापरील, तर ती पुन्हा जुन्याच वाटेने जातील. आपण दरसाल गुणवंत मुलामुलींस पारितोषिके देतो, ती गुणांवरून. घरी मात्र पालकांनी गुणपत्रिका पाहून झाल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा : हे असेच का? मुलास उत्तर न आले, तर त्याच्याबरोबर शोधावयास बसावे. केरूनानांचे खरे स्मरण तेच होय.