विदुषी जेन हॅरिसन

इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात १८५० साली जन्मलेल्या जेनबाई केंब्रिजला न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकल्या. लंडनला प्राध्यापकपदासाठी त्यांनी १८८८ व १८९६ साली अर्ज केले. दोन्ही वेळा निवड पुरुषाची झाली. १८९८ साली त्या न्यूनहॅमला परतल्या आणि १९२२ पर्यंत तेथेच ग्रीक पुराणकथा व धर्म शिकवीत राहिल्या. देवादिकांच्या कथांमागे जुने विधी असतात, हे त्यांनी १९०३ च्या ग्रंथात मांडले. डिमीटर देवीच्या एका उत्सवात पेरणीचे बी फळावे म्हणून फक्त बायकाच व्रत करीत. त्याचा उलगडा त्यांनी कथेवरून न करता विधीवरून केला. आपल्याकडेही वसा आधी आणि कहाणी मागाहून आली असेल काय? १९२८ साली त्या निवर्तल्या. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देऊ केली ती १९४८ साली.