दोन विजयस्तंभांचा वास्तुकार

योहान बर्नहार्ड फिशर यांचा जन्म १६५६ साली ऑस्ट्रियातील ग्राट्स नगरात एका मूर्तिकाराच्या घरी झाला. कोवळ्या वयातच ते रोमला गेले आणि सुमारे १६ वर्षे तेथे राहिले. बर्निनीच्या वर्तुळातील कलावंतांकडून त्यांनी बरोक शैली आत्मसात केली व प्राचीन रोमच्या अवशेषांचाही कसून अभ्यास केला. १६९० साली राजा योसेफ याच्या व्हिएन्ना-प्रवेशासाठी त्यांनी रोमी थाटाच्या विजयकमानी उभारल्या आणि त्यांचे नाव झाले. १६९६ साली सरदारकी मिळून ते फिशर फॉन एर्लाख झाले.

१७१३ साली व्हिएन्नात प्लेगने सुमारे ८,००० बळी घेतले. सम्राट सहावा कार्ल याने साथ हटावी म्हणून नवस केला. आपल्या नावाचे संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या स्मरणार्थ मंदिर बांधण्याचा. १७१६ साली फिशर यांच्या आराखड्याप्रमाणे त्याची पायाभरणी झाली.

या मंदिरासमोर दोन प्रचंड स्तंभ आहेत. त्यांचा नमुना रोममधील ट्राजानचा स्तंभ. इ. स. ११३ मधील त्या स्तंभावर युद्ध, कत्तल व कैदी यांची चित्रे वेलीसारखी वर चढत जातात. फिशर यांनी ती चढती पट्टी तशीच ठेवली. मात्र तीवर १५७६ च्या साथीत रोग्यांची सेवा करणाऱ्या मिलानच्या आर्चबिशपचे चरित्र आले. एक स्तंभ त्याच्या स्थैर्याचा, दुसरा धैर्याचा. पौलानेही कलस्सैकरांस लिहिताना वधस्तंभाविषयी बोलण्यासाठी रोमी विजय-मिरवणुकीचीच प्रतिमा योजली होती. (ती मिरवणूक न पाहिलेल्या वाचकासाठी ते वचन मराठीत आणणे सोपे नाही!)

शास्त्राच्या वाचकाला येथे शलमोनाच्या मंदिरापुढील याखीन व बवाज आठवतील. फिशर यांनी १७२१ च्या आपल्या वास्तुकलेच्या इतिहासग्रंथात त्या मंदिराचेही चित्र दिले आहे. परंतु दरबारी मंडळींना त्याच जोडीत हर्क्युलिसचे स्तंभ, म्हणजे कार्लच्या हातून निसटलेले स्पेनचे राज्य दिसे. शिखरांवर गरुड व मुकुट आहेतच. माझ्या मते सम्राटाने येथे आपला वाटा जरा अधिकच घेतला. प्रवेशद्वारावरच्या त्रिकोणी शिल्पपटात मात्र प्लेगग्रस्त व्हिएन्ना आहे. आत जाणाऱ्याला त्याखालूनच जावे लागते.

फिशर १७२३ साली वारले. अपुरे काम त्यांचा पुत्र योसेफ इमानुएल याने पुढे नेले आणि १७३७ साली मंदिराचे समर्पण झाले.